गळ्याभोवतीची लाल माळ : मका, त्वचा आणि जीवनसत्त्व ब-३ यांची दोनशे वर्षांची कथा

१/
चेहऱ्याला तजेला देणाऱ्या सीरमच्या बाटल्यांवर आज ‘नायसिनामाइड ५ टक्के’, ‘नायसिनामाइड १० टक्के’ अशी अक्षरे सर्रास दिसतात. त्वचा, केस आणि नखे यांच्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांच्या वेष्टणावरही हेच नाव असते, किंवा त्याचे दुसरे नाव : जीवनसत्त्व ब-३. या पदार्थाचे त्वचेशी असलेले नाते मात्र सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यात जुळलेले नाही. ते जुळले गरीब शेतकऱ्यांच्या झोपड्यांत, अनाथालयांत, वेड्यांच्या इस्पितळांत आणि एका तुरुंगाच्या शेतावर. हा धागा त्या नात्याचा.

२/
स्पेनच्या उत्तरेस अस्तुरियास नावाचा डोंगराळ, पावसाळी प्रांत आहे. तेथील ओविएदो नगरात गास्पार कासाल हा वैद्य होता. १७३५ मध्ये त्याने एका विचित्र रोगाची नोंद केली. हातापायांच्या पाठीवर प्रथम लालसर चट्टे उठत, मग त्वचा काळवंडे, खरखरीत होई आणि तिच्यावर खपल्या धरत. मानेभोवती तर लाल पट्ट्याची जणू माळच पडे. स्थानिक लोक या रोगाला ‘माल दे ला रोसा’, म्हणजे ‘गुलाबी व्याधी’ म्हणत. नाव गोड, रोग भयंकर. तोंडाची आग, अतिसार, शरीराचा कंप आणि शेवटी खोल विषण्णता, बुद्धिभ्रम. दर वसंत ऋतूत ऊन वाढू लागले की तो परत येई.

३/
कासालने आणखी एक गोष्ट टिपली, आणि तीच महत्त्वाची. हे रोगी जवळजवळ सगळे गरीब शेतकरी होते आणि त्यांचे मुख्य अन्न मका होते. मांस त्यांच्या वाट्याला क्वचितच येई. कासालचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १७६२ मध्ये छापला गेला. मानेभोवतीच्या त्या पट्ट्याला वैद्यकशास्त्र आजही ‘कासालची माळ’ म्हणते. इतके बारकाईने पाहणाऱ्या माणसाचे म्हणणे पुढच्या पिढ्यांनी ऐकले असते, तर हा धागा येथेच संपला असता.

४/
१७७१ मध्ये मिलानचा वैद्य फ्रांचेस्को फ्रापोल्ली याने लोंबार्दीतील शेतकऱ्यांच्या बोलीतला शब्द उचलला : ‘पेले आग्रा’, खरखरीत त्वचा. ‘पेलाग्रा’ हे नाव तेथून रूढ झाले.

उत्तर इटलीत मका अमेरिकेतून आला आणि बघता बघता गरिबाच्या चुलीवर बसला. एकरी उतारा गव्हापेक्षा अधिक, भाव कमी. शेतकऱ्याने गहू पिकवावा, तो जमीनदाराकडे आणि बाजारात जावा, आणि घरात मक्याच्या पिठाची घट्ट पेज शिजावी, अशी व्यवस्था लागली. या पेजेचे नाव पोलेंता. सकाळी पोलेंता, रात्री पोलेंता, हिवाळाभर पोलेंता. १८८१ च्या सरकारी पाहणीत इटलीत एक लाखाहून अधिक पेलाग्राग्रस्त आढळले. व्हेनिसजवळच्या बेटांवरील वेड्यांची इस्पितळे या रोग्यांनी भरलेली असत, कारण रोग त्वचेवर थांबत नव्हता. तो मेंदूपर्यंत जाई.

५/
कारणाविषयी वाद होता. मका सडतो, त्यावर बुरशी धरते आणि त्या विषाने रोग होतो, असे चेझारे लोंब्रोझो याने आग्रहाने मांडले. कवटीच्या आकारावरून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतात असे सांगणारा लोंब्रोझो तो हाच. त्याचा दबदबा मोठा होता. इटलीने १९०२ मध्ये पेलाग्राविरोधी कायदा केला. त्याचा भर बराचसा या सडक्या मक्यावर होता. चांगला मका खाल्ला तर काय बिघडते, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

६/
आता मुळातले कोडे. मका हे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचे धान्य. तेथील समाज हजारो वर्षे त्यावर जगले, तरी त्यांच्यात पेलाग्रा नव्हता. मग युरोपात येताच तेच धान्य विषारी कसे झाले?

उत्तर एका साध्या स्वयंपाकक्रियेत होते. मेक्सिकोतील स्त्रिया मक्याचे दाणे तसेच दळत नसत. ते चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात उकळून रात्रभर भिजत ठेवीत, सकाळी चोळून साली काढीत आणि मग पाट्यावर वाटीत. पानाच्या डब्यातला चुना किंवा चुन्याची निवळी मराठी घराला नवी नाही. द्रव्य तेच, वापर मात्र निराळा. अशा रीतीने तयार केलेल्या मक्याला तेथे ‘निश्तमाल’ म्हणतात. नाहुआत्ल भाषेत ‘नेश्तली’ म्हणजे राख. मक्यात ब-३ असते, पण ते इतर द्रव्यांना असे घट्ट बांधलेले असते की आतड्यांना त्याचा उपयोग होत नाही. चुन्याचे पाणी ते बंधन सोडवते.

कोलंबसानंतरच्या जहाजांनी दाणे नेले. पाट्यावर वाटणाऱ्या बायकांची कृती कोणी नेली नाही. ती शिकण्याजोगी विद्या आहे असे त्या खलाशांना आणि व्यापाऱ्यांना वाटलेच नसावे.

७/
विसाव्या शतकाच्या आरंभी रोग अमेरिकेच्या दक्षिणेत उफाळला. १९०६ मध्ये अलाबामातील माउंट व्हर्नन येथील कृष्णवर्णीयांच्या मनोरुग्णालयात साथ आली. जॉर्ज सर्सी या डॉक्टरने तिचा वृत्तान्त पुढच्या वर्षी प्रसिद्ध केला : ८८ रोगी, ५७ मृत्यू. त्यानंतर दक्षिणेतल्या राज्याराज्यांत डॉक्टरांना हे चट्टे दिसू लागले.

त्यामागे अर्थकारण होते. बटईने जमीन कसणाऱ्या कुटुंबांच्या दाराच्या उंबऱ्यापर्यंत कापूस पेरलेला असे. परसात भाजी लावायला जागा नव्हती आणि गाय पाळायला ऐपत नव्हती. जेवण म्हणजे मक्याचे पीठ, खारवलेली डुकराची चरबी आणि काकवी. त्याच सुमारास दाण्याचा कोंब काढून टाकणाऱ्या नव्या गिरण्या आल्या. पीठ टिकू लागले, दूरवर जाऊ लागले आणि अधिकच निःसत्त्व झाले.

८/
हा काळ जंतुशास्त्राच्या विजयाचा होता. क्षय, पटकी, प्लेग यांचे जंतू सापडले होते, तेव्हा पेलाग्राचाही सापडणारच अशी वैद्यांची खात्री होती. थॉम्पसन-मॅकफॅडन आयोगाने १९१२ पासून दक्षिण कॅरोलायनातील गिरणीवस्त्यांत पाहणी केली आणि रोग संसर्गजन्य असावा असा निष्कर्ष काढला. काही इस्पितळांनी रोग्यांना दाराबाहेर ठेवले. चट्टे दिसलेल्या माणसाशी शेजारीही महारोग्यासारखे वागू लागले.

९/
१९१४ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने हे काम जोसेफ गोल्डबर्गर यांच्याकडे सोपवले. जन्म १८७४ चा, ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातल्या, आज स्लोव्हाकियात असलेल्या एका खेड्यातल्या ज्यू कुटुंबातला. लहानपणीच कुटुंब न्यूयॉर्कला आले आणि वडिलांनी किराणा दुकान घातले. साथींच्या मागे फिरता फिरता गोल्डबर्गर यांना स्वतःला पीतज्वर, डेंग्यू आणि टायफस हे तिन्ही होऊन गेले होते. संसर्ग म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

दक्षिणेतल्या संस्था पाहताना त्यांच्या नजरेत एक गोष्ट भरली. वेड्यांच्या इस्पितळांत आणि अनाथालयांत रोगी असंख्य, पण त्याच इमारतींत दिवसरात्र वावरणाऱ्या परिचारिका आणि नोकर मात्र ठणठणीत. जंतू नोकर आणि रोगी असा भेद करीत नाही. स्वयंपाकघर मात्र करते.

१०/
मिसिसिपीतील जॅक्सन येथल्या अनाथालयांत तर वयाचा हिशेबही जुळला. सर्वांत लहान मुलांना दूध मिळे. बारा वर्षांवरची मुले कामाला जात, म्हणून त्यांना थोडे मांस मिळे. मधल्या वयाची, सहा ते बारा वर्षांची मुले ना दुधाची, ना मांसाची. चट्टे उठत ते नेमके त्यांच्याच हातांवर.

गोल्डबर्गर यांनी सरकारी पैशातून मुलांना दूध, अंडी, मांस आणि शेंगवर्गीय कडधान्ये सुरू केली. स्वच्छतेत, पाण्यात, झोपण्याच्या जागेत काहीही बदलले नाही. पुढच्या वसंतात रोग जवळजवळ नाहीसा झाला. जॉर्जियातील मिलेजव्हिल येथील मनोरुग्णालयातही तोच अनुभव आला. पुढे पैसे संपले, जुने जेवण परतले आणि चट्टेही परतले.

११/
अन्नाने रोग जातो हे दिसले. अन्नाने रोग *होतो* हे दाखवायचे बाकी होते. १९१५ मध्ये मिसिसिपीतील रँकिन येथील तुरुंगाच्या शेतावर बारा धडधाकट गोऱ्या कैद्यांनी प्रयोगाला संमती दिली. मोबदल्यात राज्यपाल अर्ल ब्रूअर यांनी त्यांना शिक्षामाफी कबूल केली होती. जेवणात मैद्याची बिस्किटे, मक्याची पेज, कण्या, भात, रताळी, थोडा कोबी, काकवी आणि साखर घातलेली कॉफी. पोट भरत होते. उपासमार नव्हती, आणि या प्रयोगाचा सारा अर्थ त्यातच होता. एकजण मध्येच बाहेर पडला. एप्रिलपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत उरलेल्या अकरांपैकी सहा जणांच्या त्वचेवर पेलाग्राची खूण उमटली.

सुटकेच्या आमिषाने दिलेली ती संमती आजच्या कोणत्याही नीतिसमितीपुढे टिकणार नाही, हे येथे नोंदवायला हवे. कैद्यांच्या मनाचे आणि शरीराचे हाल झाले. त्यांना माफी मिळाली.

१२/
टीकाकार तरीही गप्प बसले नाहीत. कैद्यांना रोगाचा संसर्गच झाला असेल, असे म्हटले जाऊ लागले. तेव्हा गोल्डबर्गर यांनी जे केले ते वाचताना आजही अंगावर काटा येतो.

२६ एप्रिल १९१६ रोजी त्यांनी आणि त्यांचे सहकारी जॉर्ज व्हीलर यांनी पेलाग्राच्या रोग्याचे रक्त एकमेकांना टोचून घेतले. रोग्यांच्या नाकातला स्राव स्वतःच्या नाकाघशाला लावला. पुढे रोग्यांच्या त्वचेच्या खपल्या, मूत्र आणि विष्ठा पिठात मळून त्यांच्या गोळ्या केल्या आणि त्या गिळल्या. असे प्रयोग अनेकदा झाले आणि एकूण सोळा जणांनी त्यांत भाग घेतला. त्यांत गोल्डबर्गर यांच्या पत्नी मेरी याही होत्या. स्त्रियांना गोळ्या देण्यास पुरुष सहकारी तयार नव्हते, म्हणून मेरी यांनी रोग्याचे रक्त टोचून घेतले. सहकाऱ्यांनी या प्रयोगांना ‘घाणीच्या मेजवान्या’ असे नाव दिले होते. एकालाही पेलाग्रा झाला नाही.

१३/
यानंतरचे काम कमी नाट्यमय आहे, पण इतिहासाच्या अभ्यासकाने रेंगाळावे ते येथेच. गोल्डबर्गर यांनी एडगर सायडेनस्ट्रिकर या अर्थशास्त्रज्ञाला बरोबर घेतले (कादंबरीकार पर्ल बक यांचे हे थोरले बंधू) आणि दक्षिण कॅरोलायनातल्या सात गिरणीगावांत घरोघर जाऊन नोंदी केल्या. पंधरा दिवसांत घरात कोणता जिन्नस किती आला, माणसे किती, पगार किती, गाय आहे का, परसबाग आहे का.

चित्र लख्ख उमटले. कुटुंबाचे उत्पन्न जसे खाली जाई तसा पेलाग्रा वर चढे. दोन गावांत मजुरी सारखी असूनही रोगाचे प्रमाण वेगळे असेल, तर एका गावाजवळ शेतकरी ताजा माल घेऊन येत आणि दुसऱ्या गावात फक्त गिरणीचे दुकान असे. डॉक्टर औषध शोधायला निघाला होता आणि हातात आले मजुरीचे कोष्टक. कापसाची शेती आणि बटईची पद्धत बदलल्याशिवाय रोग हटणार नाही, हे या नोंदींतून उघड दिसत होते. ते ऐकायला दक्षिणेतल्या पुढाऱ्यांची तयारी नव्हती.

१४/
१९२१ मध्ये कापसाचे भाव कोसळले. येत्या वसंतात पेलाग्रा वाढेल असा इशारा दिला गेला आणि राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी मदत देऊ केली. दक्षिणेत संतापाची लाट उसळली. आमच्या प्रदेशाची बदनामी होते, गुंतवणूक पळते, येथे दुष्काळही नाही आणि साथही नाही, असे पुढाऱ्यांनी आणि वृत्तपत्रांनी ठणकावले. खाणाऱ्यांना मात्र कोणी विचारले नाही.

योगायोग असा की कापसाचे बोंड पोखरणाऱ्या सोंडकिड्याने त्याच काळात जे केले ते सरकारला जमले नाही. जेथे किडीने कापूस बुडवला तेथे काही शेते खाद्यपिकांकडे वळली आणि तेथे पेलाग्राचे मृत्यू घटले, असे आर्थिक इतिहासकारांनी अलीकडे दाखवून दिले आहे.

१५/
गोल्डबर्गर पुढे कुत्र्यांवरील प्रयोगांकडे वळले. कुत्र्यांना ‘काळी जीभ’ नावाचा असाच रोग होतो. बिअर तयार करताना उरणारे स्वस्त यीस्ट दिले की तो बरा होतो आणि माणसांचा पेलाग्राही बरा होतो, हे त्यांना आढळले. १९२७ च्या मिसिसिपी महापुरानंतर रेड क्रॉसने पूरग्रस्त भागात हे यीस्ट वाटले. चिमूटभर औषधापेक्षा चमचाभर यीस्ट गरिबाला परवडत होते. पण यीस्टमधले नेमके द्रव्य कोणते, हे कळण्याआधीच १७ जानेवारी १९२९ रोजी मूत्रपिंडाच्या कर्करोगाने गोल्डबर्गर गेले.

१६/
ते द्रव्य १९३७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील कॉनराड एल्व्हेजम यांना सापडले : निकोटिनिक आम्ल. काळ्या जिभेचा कुत्रा त्याने झपाट्याने सुधारला आणि लवकरच माणसांचे चट्टे, अतिसार आणि बुद्धिभ्रमही त्याने हटू लागले.

यातली खंत अशी की हे आम्ल नवे नव्हतेच. एकोणिसाव्या शतकातच रसायनशास्त्रज्ञांनी ते तंबाखूतील निकोटिनपासून बनवले होते. ‘व्हिटॅमिन’ हा शब्द घडवणाऱ्या काझिमिर फुंक यांनी १९१२ च्या सुमारास ते भाताच्या कोंड्यातून वेगळेही काढले होते, पण ते बेरीबेरीचे औषध शोधत होते आणि बेरीबेरीवर ते चालेना. प्रयोगशाळांच्या फडताळांत बाटली उभी होती आणि बाहेर माणसे मरत होती. १९०६ ते १९४० या काळात अमेरिकेत सुमारे तीस लाख लोकांना पेलाग्रा झाला आणि सुमारे एक लाख दगावले, असा अंदाज आहे.

१७/
१९४० च्या दशकात पिठात आणि पावात हे जीवनसत्त्व मिसळणे सुरू झाले. पण ‘निकोटिनिक’ हे नाव ऐकून लोकांना पावात तंबाखू घातल्यासारखे वाटू लागले, म्हणून ‘नायसिन’ हे नवे नाव घडवण्यात आले. त्याचेच एक रूप म्हणजे आजच्या बाटलीवरचे नायसिनामाइड.

त्वचेवरच हा रोग आधी का दिसतो? पेशींना ऊर्जा मिळवण्यासाठी आणि उन्हाने बिघडलेला डीएनए दुरुस्त करण्यासाठी जे सहद्रव्य लागते, ते ब-३ पासून बनते. ते नसले की उन्हात उघडा पडणारा भाग आधी हार खातो : हात, पाय, चेहरा, मान. कासालची माळ म्हणजे सदऱ्याच्या गळ्यातून ऊन जेथे पोचते तेथली रेषा.

१८/
येथे कथा भारतात येते. निलगिरीतील कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत ॲक्रॉइड आणि स्वामिनाथन यांनी १९४० मध्ये एक अडचण दाखवून दिली. तांदूळ खाणाऱ्या गरिबाच्या आहारात निकोटिनिक आम्ल मका खाणाऱ्यापेक्षाही कमी असते, तरी त्याला पेलाग्रा होत नाही. याचा उलगडा १९४५ मध्ये झाला. शरीर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून स्वतः नायसिन बनवू शकते. सुमारे ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून १ मिलिग्रॅम नायसिन. मक्याच्या प्रथिनात हेच ट्रिप्टोफॅन तुटपुंजे असते. दूध, अंडी आणि मांस यांनी अनाथालयातली मुले का सुधारली, याचे उत्तरही यातच होते.

१९/
हीच प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला हलली, आणि आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. तेथे डॉ. सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांच्यासमोर नवेच कोडे आले. हैदराबादच्या इस्पितळांत पेलाग्राचे रोगी येत होते, पण ते मका खाणारे नव्हते. ते दख्खनच्या पठारावरचे ज्वारी खाणारे शेतमजूर होते. ज्वारीत नायसिन पुरेसे असते आणि ट्रिप्टोफॅनही तांदळाच्या तुलनेत फारसे कमी नसते. मग बिघडते कोठे?

१९६० मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मांडले की दोष ज्वारीतल्या ल्युसीन या अमिनो आम्लाच्या आधिक्यात असावा. ल्युसीन फार झाले की ट्रिप्टोफॅनपासून नायसिन बनण्याची वाट अडते. हा सिद्धान्त पुढे वादात राहिला. इतर प्रयोगशाळांना सर्वत्र तसेच निष्कर्ष मिळाले नाहीत, आणि जीवनसत्त्व ब-६ चा त्यातला वाटाही नंतर पुढे आला.

२०/
हा पट्टा परका नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि तेलंगण एकाच हैदराबाद संस्थानात आणि नंतर राज्यात होते, आणि दोन्हीकडचे मुख्य अन्न ज्वारीची भाकरी. पण दोष भाकरीच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. भाकरीबरोबर पिठले, वरण, ताक, शेंगदाण्याची चटणी असेल तर ट्रिप्टोफॅन आणि नायसिन दोन्ही आपोआप येतात. रोग उठे तो नुसत्या भाकरीवर आणि मिरचीच्या ठेच्यावर दिवस काढणाऱ्याच्या अंगावर. ल्युसीनचा वाद कसाही सुटो, दख्खनमधला रोगी आणि कॅरोलायनातला रोगी यांचे ताट सारखेच रिकामे होते.

२१/
सौंदर्यप्रसाधनांनी नायसिनामाइड उचलले ते फार उशिरा, विसाव्या शतकाच्या अखेरीस. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसले की ते त्वचेवर लावल्यास रंगद्रव्याचे कण वरच्या पेशींत कमी जातात आणि डाग काहीसे फिके होतात. परिणाम मर्यादित पण खरा आहे. गोळीची गोष्ट वेगळी. ज्याच्या आहारात ब-३ पुरेसे आहे त्याला ते जास्त घेतल्याने कासालच्या रोग्यांसारखा कायापालट दिसणार नाही, कारण भरून काढायला तूटच नसते.

२२/
आणि पेलाग्रा संपला का? १९८० च्या दशकात मोझांबिकमधील यादवीतून पळालेले लाखो लोक मलावीतील छावण्यांत राहत होते. मदतीच्या शिध्यात मका होता आणि त्याच्या जोडीला शेंगदाणे. शेंगदाण्यांत नायसिन भरपूर. १९८९ मध्ये शेंगदाण्यांचा पुरवठा तुटला. मका चालू राहिला, पोटे भरत राहिली. १९९० मध्ये त्या छावण्यांत पेलाग्राचे अठरा हजारांहून अधिक रोगी नोंदले गेले, आणि त्यांत पुरुषांपेक्षा स्त्रिया कितीतरी अधिक होत्या. ज्या घरांना स्वतःचा भाजीचा वाफा होता, किंवा बाजारातून शेंगदाणे मिळत होते, तेथे रोग कमी होता.

(समाप्त)